दोन दारांमधला लिफ्टमन

आबांनी चहाचा कप डाव्या हातात सांभाळला, उजव्या हाताने डावीकडचं दार ठोठावलं आणि आवाज चढवून म्हणाले, "मी आहे. एकटाच आहे. माझ्या पुढे जावई नाही, मागे जावई नाही, खिशातही नाही."

आतून कडी निघाली. लेकीने दार वीतभर उघडलं, आबांच्या खांद्यावरून पलीकडे नजर टाकली आणि मगच त्यांना आत घेतलं. दाराच्या काचेला तिने आतून वर्तमानपत्र चिकटवलं होतं.

"त्याला दिलात चहा?"

"आधी तुला. सकाळी आधी त्याला दिला होता. लिफ्टमनने मजल्यामजल्यात भेदभाव करायचा नसतो."

"तो काय करत होता?"

"श्वास घेत होता. याहून जास्त विचारू नकोस आणि मी सांगणार नाही."

लेक हसली, पण ते हसू दमलेलं होतं. टेबलावर जुना संगणक घरघरत होता आणि त्याच्या पुढ्यात ती पाटी पडली होती. तिच्यापायी एका सुखी घराची दोन घरं झाली होती.

आबा एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत आयुष्यभर लिफ्ट चालवून निवृत्त झालेले. लिफ्ट चालवता चालवता गोष्टी सांगायचे. दहाव्या मजल्यावर जाणाऱ्याला मोठी, तिसऱ्यावर उतरणाऱ्याला छोटी. पण मजला येण्याआधी गोष्ट संपलीच पाहिजे, असा त्यांचा बाणा. कधी गोष्ट रंगात येऊन लांबलीच, तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये आपोआप बंद पडायची. साहेबलोक म्हणायचे, लिफ्ट जुनी झाली. लिफ्ट ठणठणीत होती. गोष्ट बाकी असायची. एकदा म्हणे एक साहेब लग्नाच्या बोलणीसाठी वर निघाला आणि उतरला तेव्हा त्याच्या मुलाच्या बारशाची वेळ झाली होती. आबा हे शपथेवर सांगत आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली नाही तर पुन्हा पहिल्यापासून सांगत.

अशा माणसाच्या घरात गुपित ठेवायचं म्हणजे चाळणीत पाणी भरून वर फडकं झाकण्यासारखं होतं. पण घर तेच होतं, भिंती त्याच होत्या आणि इलाज नव्हता.

पाटी आबांच्या बायकोची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. अंध मुलांच्या शाळेत तिने पिढ्यान्पिढ्या शिकवलं, त्यामुळे आबाच काय, गल्लीतला इस्त्रीवालाही तिला मास्तरीणबाई म्हणायचा. निवृत्त झाल्यावरही मुलांच्या ब्रेल पुस्तकांतल्या चुका काढायचं काम ती घरी बसून करत असे. त्यासाठी ही पाटी. फूटपट्टीपेक्षा थोडी लांब, तळहाताएवढी रुंद. संगणकाला जोडली की तिच्यावरच्या बारीक पिना ब्रेलच्या ठिपक्यांसारख्या वरखाली होत, आणि संगणकाच्या पडद्यावरचं सगळं मास्तरीणबाईंच्या बोटांखालून सरकत जाई.

पण त्या पाटीची एक खोड होती. तिच्या डोक्यात काही राहत नसे. वायर जोडली की दर वेळी संगणकाने तिच्यात एक छोटासा प्रोग्रॅम नव्याने भरायचा, तेव्हा कुठे ती जागी व्हायची. त्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात, हे आबा आता झोपेतही सांगू शकत. पाटी बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. मालक कुठे गेला, वारस कोण, कुणाला पत्ता नव्हता. मागे उरली फर्मवेअरची फाईल. ती कुणी बनवली हे तिच्यात लिहिलेलं होतं. ती दुसऱ्या कुणी वाटली तर चालेल का, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

शाळेतले संगणक लिनक्सवर चालत. जगभरातली हौशी माणसं वेगवेगळे प्रोग्रॅम गोळा करतात, तपासतात, एकत्र बांधतात आणि ज्याला हवं त्याला मोकळेपणाने देतात, तशा एका मोठ्या वितरणावर. लेक आणि जावई दोघंही त्या हौशी माणसांतलेच. तिथला नियम कडक. जे वाटायचं त्याला वाटण्याची परवानगी हवी. कुणीतरी तपासणीत ही फाईल उघडली, परवाना शोधला, सापडला नाही, आणि पुढच्या आवृत्तीतून फाईल काढून टाकली. चोर कुणी नव्हता, पण माल चोरीचा ठरत होता. नवी आवृत्ती आली की शाळेतल्या सगळ्या पाट्या ठोकळे होणार होत्या.

आबा तेव्हा उसळून म्हणाले होते, "एवढंच ना? पेन ड्राइव्हवर घाला आणि वाटा. कोण बघायला येतंय?"

"आबा, चोरून वाटलं की ओळखीच्यांनाच मिळतं," लेक म्हणाली होती. "आपली ज्यांच्याशी ओळख नाही, त्यांनी काय करायचं?"

आबांनी टेबलावरून उचललेला पेन ड्राइव्ह गुपचूप परत ठेवला.

मग वकीलबाई आल्या. अशा परवान्यांच्या भानगडी फुकट सोडवून देणारी, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारी बाई. त्यांनी रस्ता सांगितला. एकाने जुनं फर्मवेअर उघडून वाचायचं आणि ते काय काय करतं याचं साध्या शब्दांत वर्णन लिहायचं. कसं करतं ते नाही, फक्त काय करतं. दुसऱ्याने जुन्याचं तोंडही न बघता, निव्वळ त्या वर्णनावरून सगळं नव्याने लिहायचं. म्हणजे नवं काम कुणाची नक्कल नाही, आणि ते कुणालाही मोकळं करता येतं. मधला प्रत्येक कागद वकीलबाईंच्या हातून जाणार. वाचणाऱ्याने आणि लिहिणाऱ्याने पाटीबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढायचं नाही.

"आणि घरातल्यांनीही नाही," वकीलबाई आबांकडे बघत म्हणाल्या. "जुनी पाटी ज्यांनी ज्यांनी वापरली, चालताना पाहिली, त्या सगळ्यांनी या विषयावर गप्प. एक शब्द इकडचा तिकडे गेला, तर सगळं काम मी स्वतःच्या हाताने बाद करीन."

"माझ्याकडे का बघता?" आबा म्हणाले.

"सहज."

आता एवढा वेळ यात घालवायला तयार असलेली आणि ते काम येणारी दोनच माणसं होती, आणि त्यांनी नेमकं एकमेकांशी लग्न केलेलं होतं. तेव्हा लेक डावीकडच्या खोलीत जुनं वाचायला बसली, जावई उजवीकडच्या खोलीत नवं लिहायला. बोलायला बाकी सगळे विषय मोकळे होते, पण दोघांच्या डोक्यात दुसरा विषय असेल तर ना! जेवायला बसली की "मीठ दे" आणि "भात वाढू?" एवढ्यावर संसार चालला होता. त्यात दर आठवड्याला वकीलबाई फाईल काखोटीला मारून यायच्या, आधी एका खोलीत, मग दुसऱ्या खोलीत. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन दिवस दम धरला आणि मग आबांना जिन्यातच गाठलं.

"आबा, पोरांचं काही बिनसलंय का हो? वेगळ्या खोल्या, त्यात वकील..."

"वाटण्या चालल्यात," आबा गंभीरपणे म्हणाले.

"अगं बाई! कशाच्या?"

"शहाणपणाच्या. तिच्याकडचं याच्याकडे जाता कामा नये."

काकू त्या दिवसापासून जावयाला पाहिलं की डोळे पुसू लागल्या. जावई बिचारा दर वेळी त्यांना विचारायचा, काकू, सर्दी बरी आहे का.

या सगळ्यात खरी अडचण झाली ती मास्तरीणबाईंची. जुनं फर्मवेअर चालतं ठेवायला एक पाटी आणि जुना संगणक लेकीला हवा होता. मास्तरीणबाईंनी आपला उचलून दिला. जावयाला दुसरी पाटी शाळेतून मिळाली, पण ती त्याच्या खोलीत. त्यांची बोटं रिकामी झाली. शाळेची पुस्तकं दुसऱ्या कुणाकडे गेली, आणि त्यांनी स्वतःसाठी वाचायला घेतलेली कादंबरी आबांनी मोठ्याने वाचून दाखवायची ठरली. त्या लहानपणी नदीकाठच्या वसतिगृहात राहिलेल्या, म्हणून नदीवरच्या नावाड्याची कादंबरी त्यांनी मुद्दाम मिळवली होती.

आबा चष्मा लावून वाचू लागले. पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्या पानावर नावाडी एका सावकाराला पलीकडे घेऊन निघाला आणि मध्यधारेत नाव बंद पडली.

"नाव बंद पडली?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"पडली म्हणजे थांबली."

"हे पुस्तकात आहे?"

"आहे तर. हे बघ, इथे छापलंय."

"काय बघू?"

"बरं, नको बघूस. विश्वास ठेव."

"नाव मध्येच थांबते आणि नावाडी गोष्ट सांगायला लागतो. लेखक तुमच्या लिफ्टमध्ये कधी बसला होता का, अहो?"

आबांनी घसा खाकरला आणि पुढे वाचलं. मास्तरीणबाई खिडकीपाशी बसून ऐकत राहिल्या, रिकामी बोटं मांडीवर हळूहळू फिरवत. त्या बोटांकडे बघणं आबांना जड जाई. म्हणून ते पुस्तकातल्या माणसांना जरा जास्तच सुखात ठेवू लागले.

आणि मग ती गोष्ट घडली जी वकीलबाईंच्या ध्यानात आली नव्हती. दोन खोल्यांतल्या दोन माणसांना मन मोकळं करायला कुणी उरलं नव्हतं. आबांना तर यातलं काही कळत नाही, हे दोघांनी आपापलं गृहीत धरलं होतं. लेक चहा पिता पिता बोलायची. संध्याकाळी दूध आणायला आबांबरोबर जाताना जावई बोलायचा. दोघंही आबांशी नव्हे, आबांच्या दिशेने बोलत.

"हे कोणी लिहिलंय देव जाणे," एकदा लेक कपाळाला हात लावून म्हणाली. "पाटीला म्हणतो, जागी हो. ती हो म्हणते. की मग हा बाबा नुसताच एक, दोन, तीन करत मोजत बसतो. कशाला? कशालाच नाही. मोजून झालं की म्हणतो, आता पिना उचल. उगाच घोळ! मी तो वर्णनात घेतलाच नाही. 'पाटी हो म्हणाली की पिना उचलाव्यात', झालं. कसं सुटसुटीत!"

"छान," आबा म्हणाले. त्यांच्या डोक्यात बिस्किटाचा डबा कुठे असेल याचा विचार चालला होता.

त्यानंतर काही दिवसांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेत जावई म्हणाला, "पाटी जागी होते, आबा. हो म्हणते. मी सांगतो, पिना उचल. की अर्ध्या उचलते आणि अडकून बसते. दहा वेळा लिहिलं. पहिल्यापासून लिहिलं. तीच रड."

आबा रस्त्यात थांबले. एका हातात भाजीची जुडी. मागून येणारी सायकल घंटी वाजवत बाजूने निघून गेली.

"काय झालं, आबा? गुडघा?"

"गुडघा," आबा म्हणाले.

गुडघा नव्हता. त्यांच्या डोक्यात डावी खोली आणि उजवी खोली पहिल्यांदाच समोरासमोर आली होती. तो बाबा उगाच मोजत बसत नव्हता. पाटी हो म्हणते, पण तिला उठायला क्षणभर लागतो. तेवढा वेळ तो तिला देत होता. लेकीने घर आवरता आवरता नेमकं तेच केराबरोबर बाहेर टाकलं होतं.

त्या दिवसापासून आबांचं हसणं-खिदळणं गेलं. काकू म्हणाल्या, मुलांच्या काळजीने खंगले. खरी गोष्ट अशी की, हयातीत पहिल्यांदाच त्यांच्या पोटात एक अस्सल, शंभर टक्के खरी गोष्ट होती, आणि ती सांगितली की संपलं होतं सगळं. लेकीचे लाल झालेले डोळे, जावयाची वाढलेली दाढी, मांडीवर फिरणारी ती बोटं, सगळं बाद. वकीलबाई बोलल्याप्रमाणे करणाऱ्या होत्या.

आणि न सांगावं तरी पंचाईत. वितरणाची नवी आवृत्ती जवळ आली होती. आवृत्ती ठरली की तिचं दार बंद होतं, मग नवं काही आत घेत नाहीत. पुढचं दार उघडायला दोन वर्षं. तेवढा काळ पाट्या कपाटात, आणि मुलं कानाने ऐकून शिकणार. ज्याने कधी शब्दाचं स्पेलिंग बोटाखाली धरलं नाही त्याला लिहिता येत नाही, हे मास्तरीणबाई आयुष्यभर सांगत आल्या होत्या.

एका संध्याकाळी दूध घेऊन दोघं परतले. इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरल्यावर जावयाने बटण दाबलं आणि पाठ भिंतीला टेकली.

"आबा, उद्या मी वितरणवाल्यांना कळवून टाकतो. या खेपेला जमत नाही म्हणून."

लिफ्ट वर निघाली. आबांची ती जागा. लिफ्टमध्ये त्यांना कधीच काही अवघड वाटलं नव्हतं.

"वकीलबाईंना विचारलंत? त्या पुढे विचारतील."

"काय विचारू? चूक माझीच असणार. तुमच्या लेकीचं वर्णन तुम्ही पाहिलं नाहीये. आरशासारखं आहे. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. त्याच्यावर प्रश्न काढायचा म्हणजे..." त्याने मान हलवली. त्या हलवण्यात हरल्याचं दुःख होतं आणि बायकोचं कौतुकही होतं. दुःखापेक्षा कौतुक थोडं जास्तच असावं.

आबांच्या जिभेला खाज सुटली. सरळ सांगायचं नाही, ठीक आहे. पण गोष्ट सांगायला कुणाची बंदी होती? गोष्टीत पाटी नसेल, पिना नसतील. आबांनी घसा साफ केला.

"आमच्या कचेरीत एक लिफ्ट होती, जावईबापू. विलायतेहून आणलेली. बटण दाबलं की वाऱ्यासारखी वर यायची. पण आली की दार काही उघडायचं नाही. अर्धं सरकायचं आणि अडकायचं. मोठमोठे मिस्त्री आले, डोकी खाजवून गेले. एकाने तर हाय खाऊन मधमाश्या पाळायला घेतल्या. मग एके दिवशी मी तिच्यात एकटा उभा होतो, आणि माझ्या लक्षात आलं..."

लिफ्ट मजल्यावर येऊन थांबली.

प्रत्येक लिफ्ट थांबते आणि दार उघडण्याआधी किंचित वेळ नुसतीच उभी राहते. आयुष्यभर आबांनी तो वेळ गोष्टीचा शेवट टाकायला वापरला होता. आता ते त्या बंद दाराकडे बघत उभे राहिले. उत्तर त्यांच्या तोंडात होतं, उत्तर दोघांच्या भोवती होतं, आणि जावई दुधाची पिशवी घेऊन त्या उत्तराच्या आत उभा होता.

दार उघडलं.

"काय लक्षात आलं?" जावई म्हणाला.

"काही नाही. मजला आला."

"पण गोष्ट?"

"तेवढीच आहे."

जावई लिफ्टच्या उंबऱ्यावरच थबकला. एवढ्या वर्षांत आबांनी गोष्ट अर्धी टाकल्याचं त्याने पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. आबा पुढे झाले, किल्ली शोधायला लागले आणि पाठमोरेच म्हणाले, "मी तुमच्या सासूबरोबर जन्म काढला. नेटक्या बायकांनाही प्रश्न विचारता येतात, जावईबापू. जरा लांब उभं राहून विचारायचे, एवढंच."

दुसऱ्या दिवशी वकीलबाई आल्या, उजव्या खोलीत गेल्या, बाहेर आल्या, आणि डाव्या खोलीत जाण्याआधी स्वयंपाकघरात आबांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"त्याने प्रश्न विचारलाय. आजवर कधी विचारला नव्हता. आबा, तुम्ही काही बोललात?"

"अर्धी गोष्ट सांगितली."

"मला सांगा."

आबांनी सांगितली. विलायतेची लिफ्ट, मिस्त्री, मधमाश्या, सगळं. "आणि माझ्या लक्षात आलं," म्हणाले आणि थांबले.

"पुढे?"

"पुढचं त्याला सांगितलेलं नाही."

वकीलबाईंनी फाईल टेबलावर ठेवली. "दार अर्धं सरकून अडकतं, हे तर त्याचंच रडगाणं झालं. त्यात त्याला नवं काय कळलं?"

"काहीच नाही. तेच तर माझं दुखणं आहे."

"असू द्या दुखणं. ही गोष्ट अशीच ठेवा," वकीलबाई म्हणाल्या, उठल्या आणि डाव्या खोलीत गेल्या.

जावयाचा प्रश्न साधा होता: पाटी हो म्हणाल्यापासून पिना उचलेपर्यंत मध्ये काही घडतं का? आतून लेकीने स्वतःच्या कपाळावर मारलेली चापट ऐकू आली. मग आवाज, "अगं आई गं!" तिने वर्णनात एक ओळ घातली. वकीलबाईंनी ती तपासली आणि मधला पॅसेज ओलांडून उजव्या खोलीत नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी उजव्या खोलीतून बारीक सळसळ ऐकू आली, वाळलेल्या शेंगा हलवल्यासारखी. सगळ्या पिना एकदम उठल्या होत्या. जावई बाहेर आला. लेक बाहेर आली. वकीलबाईंनी मान डोलावली तेव्हा कुठे दोघं एकमेकांशी बोलली, आणि जे बोलायला लागली ते थांबेचनात. दोघं एकाच वेळी बोलत होती आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. आवाज ऐकून काकू धावत खाली आल्या आणि दोघांना गळ्यात गळे घातलेले पाहून दारातच रडू लागल्या.

"मिटलं का हो?"

"वाटण्या रद्द," आबा म्हणाले.

दार बंद होण्याआधी नवं फर्मवेअर आत गेलं. वर परवाना लिहिलेला: कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं, अट एवढीच की पुढच्यालाही तेवढीच मोकळीक द्यावी. खाली दोन नावं, लेकीचं आणि जावयाचं. शाळेतल्या पाट्या उठल्या. पुढे कुठल्याशा दुसऱ्याच देशातल्या, कुठल्याशा शाळेतल्या एका बाईंचा निरोप आला. कपाटात पडलेल्या त्यांच्या पाट्या एका सकाळी आपोआप जाग्या झाल्या होत्या, आणि त्यांना कुणाचे आभार मानायचे तेच कळत नव्हतं. लेकीने तो निरोप वाचून दाखवला. "ओळख नाही आपली," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

आबांची छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. हे मात्र खरं आहे. तुटलेलं बटण त्यांनी डब्यात जपून ठेवलं.

पण आत काहीतरी टोचत होतं. दोन नावं होती, वकीलबाईंचा आदराने उल्लेख होता, आणि ज्याने आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट गिळली त्याला मात्र ती सांगायला कुणी उरलं नव्हतं. शेवटी एका सकाळी त्यांना राहवेना. मास्तरीणबाई खिडकीपाशी आपली पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तीच नावाड्याची कादंबरी पहिल्यापासून वाचत होत्या, स्वतःच्या बोटांनी.

"यात नावाडी बुडून मरतो," त्या म्हणाल्या.

"मरतो?"

"तिसऱ्या प्रकरणात. तुम्ही त्याला शेवटपर्यंत जगवलात आणि त्याच्या मुलीचं लग्नही लावून दिलंत."

"चांगला माणूस होता," आबा म्हणाले. मग स्टूल ओढून जवळ बसले. "एक सांगू? आता सगळं झालंय, म्हणून सांगतो. जावई अडला होता ना, तेव्हा मला माहीत होतं. काय राहिलंय ते. पण मी बोललो नाही. एक अक्षर नाही."

मास्तरीणबाईंची बोटं ओळीवर थांबली.

"हात द्या इकडे."

आबांनी हात पुढे केला. मास्तरीणबाईंनी तो उलटा करून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्या पाठीवर एका बोटाने हलकेच टिचकी दिली. मग काहीच नाही. बोटं हवेत उचललेली. आणि मग सगळी बोटं एकदम खाली आली.

"रोज सकाळी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं. वायर लावली की आधी एक थरथर. मग ती आळस देते. मग उठते. मी तोवर हात उचलून धरते."

आबा आपल्या हाताच्या पाठीकडे बघत राहिले.

"म्हणजे तुला... पहिल्यापासून?"

"जावयाच्या पाटीचा आवाज भिंतीतून यायचा. अर्ध्या उचलायची आणि अडकायची. रोज."

"मग तू बोलली का नाहीस? तुझी पाटी, तुझं वाचन, तुझं शाळेचं काम..."

"वकीलबाईंनी सांगितलं होतं ना, ज्यांनी वापरली त्यांनी बोलायचं नाही म्हणून." त्यांनी आबांचा हात सोडून दिला आणि स्वतःची बोटं पुन्हा पाटीवर ठेवली. "बसा आता शांत. नावाडी बुडतोय."

आबांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

थोड्या वेळाने ते बटण घेऊन शिंप्याकडे निघाले. लिफ्टमध्ये वरच्या काकू होत्या.

"काय आबा, आज एवढे खुशीत? काही नवी गोष्ट?"

"आहे."

काकू सरसावून उभ्या राहिल्या. लिफ्ट खाली निघाली. एक मजला गेला, दुसरा गेला. आबा ताठ उभे होते, हसरे, तोंड मिटलेले, बिनबटणाच्या सदऱ्यातून छाती पुढे काढून. लिफ्ट तळाला येऊन थांबली, आणि दार उघडण्याआधीच्या तेवढ्या वेळात त्यांनी एक बोट स्वतःच्या हाताच्या पाठीवर हलकेच टेकवलं.

"अहो, सांगा ना!" काकू म्हणाल्या.

"माझी नाही ती," आबा म्हणाले. "तिची आहे."